आकाशातील तालीम

१९५९ सालच्या उन्हाळ्याच्या आरंभी बंगलोरच्या आकाशात एक चमत्कारिक जोडी दिसू लागली. पुढे असे ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, दोन पंख्यांचे, संथ चालीचे डकोटा विमान. त्याच्या मागे दोराला बांधलेले दुसरे विमान येई. त्याचे नाक भाल्यासारखे निमुळते होते आणि पंख बाणाच्या पिसांप्रमाणे मागे झुकलेले होते. पाहणाऱ्याला वाटावे की हे ध्वनीच्याही पुढे धावणारे लढाऊ विमान आहे. परंतु त्याच्या पोटात इंजिन नव्हते आणि त्याचा देह धातूचा नसून लाकडाचा होता. ठरावीक उंची गाठली की दोर सुटे, डकोटा एका अंगाला वळे, आणि ते मुके विमान केवळ वाऱ्याच्या आधाराने धरणीकडे उतरू लागे. आत बसलेल्या वैमानिकाजवळ चुकीला फारशी जागा नसे. इंजिनच नसल्यामुळे एकदा उतरणे फसले तर पुन्हा वर चढण्याची सोय नव्हती.

हे विमान म्हणजे भारतात आखल्या गेलेल्या पहिल्या जेट लढाऊ विमानाची, ‘मरुत’ची, पूर्णाकृती लाकडी प्रतिकृती होय. तिला एक्स-२४१ असे नाव होते. त्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, भिलाई येथे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले होते. त्या भट्टीच्या आधाराने भिलाईत जी नवी नगरी वसली, तिच्यात विदर्भातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून आलेली अनेक मराठी कुटुंबेही रुजली. एकीकडे देश पोलाद ओतू लागला होता आणि दुसरीकडे त्याच देशाचे सर्वांत आधुनिक विमान लाकडात कोरले जात होते. हा विरोध वरवरचा आहे. लोखंड तापवून ओतण्यापूर्वी लाकडाचा साचा करावा लागतो, हे कोणताही ओतारी सांगेल. विमानाच्या बाबतीत प्रश्न इतकाच असतो की, तो साचा माणसाला आत बसवून उडवावा लागतो.

कागदावरचे विमान आणि आकाशातले विमान यांच्यात एक दरी असते. गणिताने पंखांचा आकार ठरतो, वाताच्या बोगद्यात लहान नमुना ठेवून त्याच्यावरचे बल मोजता येते. पण हातातली काठी किंचित ओढल्यावर विमान किती चटकन मान वर करील, उतरताना ते वैमानिकाच्या मनाप्रमाणे वागेल की त्याच्याशी हुज्जत घालील, याचे उत्तर आकड्यांत पूर्णपणे सापडत नाही. ते माणसाच्या हाताला आणि पाठीच्या कण्याला कळते. म्हणून नवे विमान प्रथम उडते त्या दिवशी अभियंत्यांचे ज्ञान आणि एका माणसाचा जीव, दोन्ही एकाच वेळी पणाला लागतात. त्या दिवसापूर्वी त्या माणसाला थोडी तालीम देता आली तर? विमानविद्येच्या इतिहासातील एक संपूर्ण शाखा या साध्या प्रश्नातून जन्मली आहे.

मराठी माणसाला तालीम या शब्दाचे दोन अर्थ ठाऊक आहेत. एक नाटकाची तालीम आणि दुसरी कुस्तीची. या दुसऱ्या तालमीचे माहेर जे कोल्हापूर, त्याच जिल्ह्यातील हसूरचंपू या गावी २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठातील शिक्षण संपवून ते जर्मनीला गेले आणि ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचे रहस्य १९०४ मध्ये उलगडणारे हेच ते प्रांड्टल. आधुनिक वायुगतिशास्त्राचे ते जनकच मानले जातात. १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून घाटगे स्वदेशी परतले, तेव्हा ज्या विद्येत ते पारंगत झाले होते त्या विद्येचा कारखाना या देशात नव्हता.

तो कारखाना उभा राहिला सोलापूरच्या मातीत जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या जिद्दीने. म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली आणि घाटगे तिच्या सेवेत रुजू झाले. तेथे त्यांनी आखलेले पहिले उडते यंत्र कोणते होते? तेही बिनइंजिनाचेच होते. दहा माणसांना वाहून नेणारे जी-१ नावाचे ग्लायडर ऑगस्ट १९४१ मध्ये उडाले. ते एकच बांधले गेले. परंतु आपण कागदावर ओढलेली रेघ हवेत तरते, ही खात्री त्या एका यंत्राने पटवली. पुढे १९४२ च्या अखेरीस बंगलोरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि घाटगे यांनी तेथे अध्यापनाचा पाया घातला. एका हाताने विमाने आखावीत आणि दुसऱ्या हाताने विमाने आखणारी माणसे घडवावीत, असा हा दुहेरी उद्योग होता.

स्वातंत्र्यानंतर त्याची फळे दिसू लागली. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे दोन आसनी शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले आणि पुढे हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी आपले पहिले धडे त्याच्यावर गिरवले. १९५८ मध्ये ‘पुष्पक’, १९५९ मध्ये ‘कृषक’ आणि १९६४ मध्ये ‘किरण’ हे जेट शिकाऊ विमान, अशी ती परंपरा वाढत गेली. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला.

लढाऊ जेट विमान आखण्याचे काम मात्र शासनाने एका परदेशी अभिकल्पकाकडे सोपवले. महायुद्धात गाजलेल्या फोकेवुल्फ १९० या विमानाचे कर्ते प्राध्यापक कुर्ट टँक १९५६ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह बंगलोरला आले. येथे येण्यापूर्वी ते अर्जेंटिनात होते आणि तेथे त्यांनी ‘पुल्की-२’ नावाचे जेट लढाऊ विमान बांधले होते. त्या विमानाने दोन वैमानिकांचा बळी घेतला होता, एकाचा १९५१ मध्ये आणि दुसऱ्याचा १९५२ मध्ये. टँक स्वतः उत्तम वैमानिक होते आणि ते विमान त्यांनी स्वहस्ते उडवले होते. पहिल्या उड्डाणांची किंमत काय असू शकते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यांच्या हाती असलेली साधने तुटपुंजी होती. ध्वनीच्या वेगाच्या अलीकडचा आणि पलीकडचा वारा निर्माण करणारा मोठा वातबोगदा भारतात चालू झाला तो १९६७ साली. तेव्हा मरुतची आखणी होऊन, ते विमान हवाई दलात दाखलही होऊ लागले होते. बोगदा नाही तर आकाशालाच बोगदा करावे, हा विचार त्यातून पुढे आला. त्या विचाराचे मूर्त स्वरूप म्हणजे लाकडी एक्स-२४१. त्याची लांबी-रुंदी, पंखांची ठेवण, नियंत्रणाची रचना ही सारी भावी विमानासारखीच होती. वेग मोडणारे हवाई ब्रेक, पंखांच्या मागील कडेची फळी आणि मिटणारी चाके हीदेखील त्याला होती. सुमारे ८० उड्डाणे त्याने केली. अखेरीस एका उतरणीत पुढचे चाक उघडले नाही, विमानाचे नुकसान झाले आणि प्रयोगांची ती मालिका संपली. परंतु तोपर्यंत जे विचारायचे होते त्यातले पुष्कळसे विचारून झाले होते.

जून १९६१ मध्ये हवाई दलाचे परीक्षण-वैमानिक सुरंजन दास यांनी मरुतचे पहिले खरे उड्डाण केले. विमान सुखरूप उतरले. लढाऊ विमानाला पहिल्याच दिवशी जो सर्वांत कठीण प्रश्न सोडवावा लागतो तो वेगाचा नसतो, तो मंद होऊन उतरण्याचा असतो. आणि नेमक्या त्याच प्रश्नाची तालीम लाकडी प्रतिकृतीवर झालेली होती.

तथापि या तालमीच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. दोराने ओढलेले ग्लायडर ध्वनीच्या वेगाजवळ कधीच जाऊ शकत नाही, म्हणून तेथे काय घडेल हे ते सांगू शकत नाही. इंजिनाचा धक्का, त्याची उष्णता, त्याची लहर यांविषयी ते मुकेच राहते. शिवाय एक प्रतिकृती एकाच विमानाची असते. आराखडा बदलला की लाकूड पुन्हा कापावे लागते. एकाच विमानाला अनेक विमानांची सोंगे घेता आली तर ही अडचण कायमची दूर होईल. बहुरूप्याला प्रत्येक सोंगासाठी वेगळा देह लागत नाही, त्याला वेगळी चाल तेवढी धरावी लागते. विमानालाही चाल बदलायला शिकवता येईल काय?

अमेरिकेतील एम्स येथील संशोधन केंद्रात १९४८ च्या सुमारास या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळाले. हेलकॅट नावाच्या युद्धकालीन विमानात तेथील अभियंत्यांनी एक यांत्रिक हस्तक बसवला. विमान एका अंगाला घसरू लागले की तो हस्तक वैमानिकाच्या नकळत पंखांच्या कडेच्या फळ्या हलवी. त्यामुळे पंख न बदलता, पंखांचा कोन बदलल्यासारखे वर्तन त्या विमानाकडून मिळू लागले. पुढे बफेलो येथील कॉर्नेल प्रयोगशाळेने टी-३३ जातीच्या एका जेट विमानाचे असेच रूपांतर केले. ते एनटी-३३ विमान १९५७ पासून १९९७ पर्यंत, तब्बल चाळीस वर्षे, जन्माला न आलेल्या विमानांची सोंगे घेत उडत राहिले.

या विद्येला हेलिकॉप्टरच्या रूपाने एक विशेष अनुकूल वाहन लाभले. साधे विमान हवेत थांबू शकत नाही. हेलिकॉप्टर थांबते, मागे सरते, बाजूला सरकते, उभ्या रेषेत वर जाते आणि खाली येते. म्हणून जागच्या जागी उडणाऱ्या कोणत्याही यंत्राची नक्कल करायची तर तेच हाताशी धरावे लागते. कॅनडातील ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९६० नंतरच्या दशकात बेल कंपनीची हेलिकॉप्टरे घेऊन त्यांना उडत्या सिम्युलेटरचे, म्हणजे हुबेहूब अनुभव देणाऱ्या नक्कलयंत्राचे रूप दिले. अमेरिकेत चिनूकसारखी अवजड हेलिकॉप्टरेही या कामी जुंपली गेली. जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे बीओ-१०५ या चपळ हेलिकॉप्टरवर १९८२ पासून असे प्रयोग झाले.

हे रूपांतर कसे होते, ते समजण्यास कठीण नाही. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असतात. डाव्या हातातील दांडा वरच्या पंख्याच्या सर्व पात्यांचा कोन एकदम वाढवतो, त्यामुळे यंत्र वर चढते. उजव्या हातातील काठी पाती फिरताना त्यांचा कोन आळीपाळीने बदलते, त्यामुळे यंत्र हव्या त्या दिशेला झुकते. पायांखालचे पट्टे शेपटीच्या पंख्याला आज्ञा देतात. नेहमीच्या हेलिकॉप्टरमध्ये या आज्ञा दांड्या-तरफांनी थेट पोचतात. रूपांतर करताना दोन आसनांपैकी एका आसनाचा हा दुवा तोडतात. त्या वैमानिकाच्या हालचाली विजेच्या संदेशांत बदलून गणकयंत्राकडे जातात. ज्या काल्पनिक यंत्राचे सोंग घ्यायचे त्याचे गणित गणकयंत्रात भरलेले असते. तेथे क्षणार्धात हिशेब होतो की, या आज्ञेला ते यंत्र कसे वागले असते. आणि तेलाच्या दाबावर चालणारे हस्तक खऱ्या पात्यांना तसे हलवतात, की ज्यायोगे हे हेलिकॉप्टर त्या यंत्रासारखेच वागावे.

दुसऱ्या आसनावर बसतो तो रक्षक वैमानिक. त्याच्या काठीचा पात्यांशी असलेला जुना यांत्रिक दुवा अखंड ठेवलेला असतो. गणकयंत्र पाती हलवी तशी त्याची काठीही त्याच्या हाताखाली आपोआप हलत राहते, म्हणून काय चालले आहे हे त्याला हाताने कळते. सोंग अंगावर आले, यंत्र भलतेच वागू लागले, की तो एक बटण दाबतो आणि मूळचे, ओळखीचे हेलिकॉप्टर परत मिळवतो. आखाड्यात दोन पोरे भिडलेली असताना कडेला उभा असलेला वस्ताद नेमके हेच करीत असतो. तो कुस्ती खेळत नाही, पण मान मोडेल असा डाव पडू देत नाही.

जमिनीवर ठेवलेल्या सिम्युलेटरने हे काम का भागत नाही, असे कोणी विचारील. पुष्कळसे भागते आणि ते स्वस्तही पडते. परंतु जमिनीवरच्या खोलीत बसलेल्या वैमानिकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते की, येथे चूक झाली तरी संध्याकाळी आपण घरी जाणार आहोत. खऱ्या धावपट्टीच्या शेवटच्या पन्नास फुटांत त्याचा हात जसा घट्ट होतो, तसा तो त्या खोलीत होत नाही. आणि काही विमानांचे दोष हात घट्ट झाल्यावरच उघडे पडतात. वैमानिक नाक सावरायला जातो, यंत्राचे उत्तर किंचित उशिरा येते, तो अधिक जोर लावतो, उत्तर अधिक मोठे येते, आणि दोघांची झुंज वाढत जाऊन विमान झोके खाऊ लागते. स्वीडनचे ग्रिपेन हे अत्याधुनिक विमान २ फेब्रुवारी १९८९ रोजी उतरताना असेच झोके खात कोसळले. वैमानिक सुदैवाने वाचला.

अशा दोषांना नाव आणि माप देण्यासाठी एम्सचे जॉर्ज कूपर आणि कॉर्नेल प्रयोगशाळेचे रॉबर्ट हार्पर या दोन परीक्षण-वैमानिकांनी १९६९ मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. वैमानिकाने उड्डाणानंतर विमानाला १ ते १० पैकी एक आकडा द्यायचा. १ म्हणजे निर्दोष, १० म्हणजे ताबा सुटला. माणसाच्या हाताला जे कळते त्याला विज्ञानाच्या दरबारात साक्षीदार म्हणून उभे करणारी ही मोजपट्टी आज जगभर वापरली जाते.

भारताला या विद्येची पुन्हा आठवण झाली ती हलक्या लढाऊ विमानाच्या वेळी. पुढे ज्याला ‘तेजस’ हे नाव मिळाले ते विमान मुद्दामच अस्थिर आखलेले आहे. त्याचा तोल क्षणोक्षणी गणकयंत्राने सावरावा लागतो. ती आज्ञावली चुकली तर कोणत्याही वैमानिकाचे कौशल्य त्याला वाचवू शकत नाही. म्हणून १९९० नंतरच्या दशकात भारतीय अभियंते आणि वैमानिक बफेलोला गेले आणि त्यांनी आपली आज्ञावली त्या जुन्या एनटी-३३ विमानात आणि नंतर एफ-१६ जातीच्या रूपांतरित विमानात भरून पाहिली. न बांधलेले भारतीय विमान अशा रीतीने परक्या देहात उडाले. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने सहकार्य थांबवले आणि आपली माणसे परत आली. उरलेले काम बंगलोरमध्येच पुरे करावे लागले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ते विमान उडवले. मरुतच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती.

मधल्या काळात एक खंड पडला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. मरुत १९६७ पासून हवाई दलात आले, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर लढले आणि १९९० पर्यंत सेवेत राहिले. परंतु त्याला साजेसे बलवान इंजिन त्याला कधी मिळाले नाही आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचे जे स्वप्न त्याच्या आराखड्यात होते ते आराखड्यातच राहिले. मरुतनंतर दुसरे लढाऊ विमान लगेच हाती घेतले गेले नाही. घाटगे आणि टँक यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे पांगली, निवृत्त झाली. तालीम बंद पडली की पुढच्या पिढीला माती पुन्हा मळावी लागते. स्वतः घाटगे ६ डिसेंबर १९९१ रोजी निवर्तले. पुढल्या ऑगस्टमध्ये ‘ध्रुव’ हे हेलिकॉप्टर त्यांच्याच कंपनीच्या धावपट्टीवरून उडाले. बीओ-१०५ बांधणाऱ्या जर्मन कंपनीच्या साहाय्याने त्याची आखणी झाली होती.

या साऱ्या प्रयत्नांना धोका टाळता आला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ब्राउनश्वाइगचे ते हेलिकॉप्टर १९९५ मध्ये अपघातात नष्ट झाले. ज्यांनी मरुतचे पहिले उड्डाण सुखरूप पार पाडले ते सुरंजन दास १० जानेवारी १९७० रोजी मरुतच्याच सुधारलेल्या नमुन्यावर उड्डाण करताना बंगलोर येथे मृत्युमुखी पडले. बंगलोरमधील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. रोज हजारो माणसे त्या रस्त्याने ये-जा करतात.

लाकडी एक्स-२४१ मध्ये बसून दोर सोडण्याची खूण करणारा वैमानिक आणि अर्ध्या शतकानंतर गणकयंत्राच्या हवाली काठी करणारा वैमानिक, यांच्यात यंत्रांचे अंतर मोठे आहे, पण त्यांचे काम एकच आहे. पुढे त्या विमानात जे शेकडो तरुण बसणार आहेत, त्यांच्या वाट्याच्या चुका हा माणूस आधी, मोजून, एकट्याने करून पाहतो. अभियंत्याचे मोठेपण आपले गणित बिनचूक मानण्यात नाही. ते कोठे चुकेल याची तालीम आधी करून घेण्यात आहे. हसूरचंपूच्या घाटगे यांनी एका बिनइंजिनाच्या ग्लायडरापासून ज्या उद्योगाचा आरंभ केला, त्या उद्योगाने भारताला विमाने दिलीच. पण विमान उडण्यापूर्वी नम्रपणे विचारायचे प्रश्नही शिकवले.